जमिनीत गाडलेल्या भिंतीची ओल आणि तिने काढलेले पोट

कोकणात डोंगरउतार कापून बांधलेल्या घरांची मागची खोली अनेकदा अर्धी जमिनीत असते. तिच्या मागच्या भिंतीला आषाढात ओल येते, गिलावा फुगतो, पांढरा क्षार फुलतो आणि काही वर्षांनी भिंत खोलीच्या बाजूला पोट काढते. ही दोन निरनिराळी दुखणी समजून आधी रंगारी आणि मग गवंडी बोलावला जातो. वास्तविक दोन्हींचे मूळ भिंतीमागे अडलेल्या पाण्यात असते. २ मीटर उंच भरावाची माती निचरा झालेली असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण सव्वा टन रेटा येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली की हा रेटा दुपटीहून अधिक होतो.

प्रथम ओल कोठून येते ते ठरवावे. भिंतीचा थोडा भाग कोरडा पुसून त्यावर प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करावा आणि दोन दिवसांनी पाहावा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला पाणी दिसले तर तो पाझर आहे. खोलीकडच्या बाजूला दव जमले असेल तर दोष कोंदट हवेचा आहे आणि त्यासाठी खिडकी पुरेशी ठरते.

पोट मोजण्यासाठी छताजवळ खिळा ठोकून ओळंबा सोडावा, दर ३० सेंटिमीटरला दोरी व भिंत यांतील अंतर मोजावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तेथेही तारीख घालावी. भिंतीच्या मध्यावर आडवी भेग असेल, दोन मोजणींमध्ये आकडे वाढले असतील किंवा पोट २५ मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, तर गवंड्याच्या अंदाजावर न विसंबता स्थापत्य अभियंत्याला दाखवावे आणि तोवर त्या खोलीत कोणी झोपू नये.

पाण्याचा बंदोबस्त वरून खाली करावा. पागोळ्यांचे पाणी पन्हळीत घेऊन घरापासून दूर सोडावे, भिंतीलगतची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये किमान १५ सेंटिमीटर बाहेर उतरती करावी आणि डोंगराकडून येणारे पाणी वरच्या अंगालाच आडव्या चराने वळवावे. पुष्कळ घरांची ओल एवढ्यानेच निम्मी होते, म्हणून पुढचा खर्च करण्याआधी एक पावसाळा थांबणे शहाणपणाचे. मात्र भिंत हलत असेल तर थांबू नये.

तरीही पाझर राहिला, तर भिंतीमागे चर खणावा लागतो आणि येथेच अपघात होतात. काम दिवाळीनंतर, माती निथळल्यावर काढावे; पोट आलेल्या भिंतीला आधी आतून टेकू द्यावेत; सगळी लांबी एकदम न उघडता दीड-दीड मीटरचे तुकडे एक सोडून एक खणावेत, आणि पायाच्या तळाखाली कुदळ जाऊ देऊ नये. उघडी झालेली भिंत धुऊन तिला जलरोधक मिसळलेला सिमेंटचा गिलावा व त्यावर डांबरी लेप द्यावा, कारण कोकणातल्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र असतो. तळाशी ४ इंच व्यासाचा, छिद्रे असलेला पीव्हीसी पाइप १०० मीटरला १ मीटर उतार देऊन टाकावा, त्याचे तोंड उताराकडे उघडे ठेवावे, भोवती खडी भरावी आणि खडी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडात गुंडाळावी. कापडाचा खर्च वाचवला तर दोन-चार पावसाळ्यांत माती पाइप बुजवते. खडीवर चिकणमातीचा थर दाबून बसवावा.

भिंतीचे पोट जॅकने ढकलून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. मातीच्या दर्जेत (सांध्यात) बांधलेला जांभ्याचा चिरा एकदा सरकला की तेवढा भाग उतरवून सिमेंटच्या दर्जेत पुन्हा बांधणेच बरे; पोट लहान आणि स्थिर असेल, तर अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे आतून आरसीसीचे खांब उभे करता येतात. बांधकाम मृगाच्या आधी संपून त्याला किमान सात दिवस पाणी मारलेले असावे. आतला गिलावा व रंग मात्र पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिल्यावर, ओळंब्याचे आकडे पुन्हा जुळवून पाहूनच करावा.