मधमाश्यांच्या अळ्या पिवळ्या पडून मरतायत? युरोपियन फाउलब्रूड (अळ्यांना होणारा जिवाणूंचा आजार) कसा आवरायचा

पेटीतल्या फ्रेमवर (पोळं बांधलेल्या लाकडी चौकटीवर) पिल्लांची घरं मध्येच भरलेली, मध्येच रिकामी अशी विरळ दिसायला लागली की आधी माश्या झटका आणि फ्रेम उजेडात धरा, माश्या बसलेल्या असताना काही कळत नाही. निरोगी अळी पांढरीशुभ्र, घराच्या तळाशी गोल वळून पडलेली असते. आजारी अळी पिवळट, मग तपकिरी, वेडीवाकडी पसरलेली, आणि नीट बघितलं तर अंगात श्वासनलिकांच्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. आंबट वास येतो कधीकधी, पण नुसत्या वासावर जाऊ नका.

आता काडीची टेस्ट, ही टाळायचीच नाही. पिल्लाच्या घराचं मेणाचं झाकण खचलेलं, तेलकट किंवा भोक पडलेलं असेल तर त्यात आगपेटीची काडी घालून ढवळा आणि हळूच ओढा. तपकिरी चिकट तार २-३ सेंमी निघाली तर तो बहुतेक अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे अळ्यांचा दुसरा, जास्त वाईट आजार; त्याचे बीजाणू (जंतूचं कवचातलं टिकाऊ रूप) ४० वर्षांच्या वर टिकतात, तिथे सहसा माश्या मारून फ्रेम जाळाव्याच लागतात. युरोपियनमध्ये अळी बहुतेक झाकण लागायच्या आधीच मरते आणि हा जंतू बीजाणू करत नाही, म्हणून पोळं वाचवता येतं. तरी सॅम्पल लॅबला पाठवाच, आणि बऱ्याच देशांत दोन्ही आजार सरकारी खात्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे तेही बघून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत त्या पेटीतली फ्रेम, मध, माश्या काहीच दुसरीकडे हलवू नका.

पोळं जोरात असेल तर सगळ्या माश्या राणीसकट स्वच्छ पेटीत, नव्या मेणपत्र्यांवर (माश्या ज्यावर घरं बांधतात ते मेणाचे पातळ पत्रे) झटकून घ्या, पिल्लं असलेल्या जुन्या फ्रेम जाळून टाका. साखर आणि पाणी समान वजनात घेऊन पाक द्या, संध्याकाळी, आणि दार बारीक करा, नाहीतर शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात आणि आजार घेऊन घरी जातात. पाक कशाला, तर हा जंतू अळीच्या पोटात बसून तिचंच अन्न खातो, चारा कमी पडला की अळी मरते, भरपूर मिळाला तर कधीकधी तगते. म्हणूनच फुलोरा सुरू झाला की आजार आपोआप दबल्यासारखा वाटतो. दबतो, जात नाही.

राणी जुनी असेल तर बदला, मधे काही दिवस अंडी थांबतात तेवढ्यात कामकरी माश्या घरं साफ करतात. पोळं मुळातच मूठभर राहिलं असेल तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही, आणि चांगल्या पोळ्यात मिसळायचं तर बिलकुल नाही.

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक मनाने घालू नका. काही देशांत बंदी आहे, काही ठिकाणी पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच मिळतं, शिवाय मधात अंश उतरतो आणि जंतू पोळ्यात राहतो तो राहतोच.

रिकामी लाकडी पेटी आतून ब्लोटॉर्चने तपकिरी होईपर्यंत शेका, हत्यारं आणि हातमोजे धुण्याच्या सोड्यात (५ लिटर पाण्याला १ किलो) घासा. तीनेक आठवड्यांनी परत फ्रेम काढून बघा, तोपर्यंत रोज पेटी उघडत बसू नका.