नागपुरात विमानांचे फोटो कसे काढावेत: ऊन, वारा आणि धावपट्टीचा हिशेब

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाला एकच धावपट्टी आहे, साधारण ३,२०० मीटर लांबीची. फोटो काढणाऱ्याचं काम त्यामुळे सोपं होतं, कारण विमान येणार ते दोन टोकांपैकी एकाकडूनच. कोणतं टोक, हे वारा ठरवतो. धावपट्टीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे सूर्य ठरवतो. "चांगला स्पॉट कुठला?" हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. सकाळी आठला उत्तम असलेली जागा दुपारी चारला निकामी असते.

आधी वारा पाहा

धावपट्टीचं नाव १४/३२. म्हणजे एका दिशेने ती सुमारे १४० अंशांकडे (आग्नेय) जाते, उलट दिशेने ३२० अंशांकडे (वायव्य). विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि तसंच उडतं. वायव्येचा वारा असेल तर ३२ वापरात असते: विमान आग्नेयेकडून, वर्धा रोडच्या अंगाने येतं आणि वायव्येकडे तोंड करून टेकतं. आग्नेयेचा वारा असेल तर १४: विमान जयताळा-हिंगण्याच्या बाजूने येतं.

विमानतळाच्या हवामानाचा संदेश, म्हणजे मेटार, फुकट वाचता येतो. नागपूरचा संकेत व्हीएएनपी. त्यात ‘३१००८केटी’ असं दिसलं तर वारा ३१० अंशांकडून ८ नॉट (तासाला सुमारे १५ किलोमीटर) वेगाने येतोय, म्हणजे ३२. हा आकडा वारा *कुठून* येतो ते सांगतो, कुठे जातो ते नाही. संदेशातली ‘झेड’ लावलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. वारा तीन-चार नॉटचाच असेल तर मेटारवर विसंबू नका. फ्लाइटरडार२४ हे विमानांचा माग दाखवणारं अ‍ॅप उघडा आणि शेवटची दोन-तीन विमानं कोणत्या टोकाने उतरली ते पाहा. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ठराविक तास उड्डाणं बंद असू शकतात, तेव्हा त्या दिवसाचं येण्या-जाण्याचं वेळापत्रकही नजरेखालून घाला.

मग सूर्य

धावपट्टी वायव्य-आग्नेय असल्याने तिच्या दोन बाजू होतात: ईशान्येची, म्हणजे शहराची आणि वर्धा रोडची, आणि नैऋत्येची, म्हणजे शिवणगाव-मिहानची. सकाळी ऊन ईशान्य बाजूच्या माणसाच्या पाठीशी असतं. पण किती वाजेपर्यंत, हे ऋतूप्रमाणे बदलतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सकाळी पावणेदहा-दहाच्या सुमारासच तो धावपट्टीच्या रेषेत येतो आणि पुढे सरकून नैऋत्य बाजू उजळवायला लागतो. त्यानंतर वर्धा रोडच्या बाजूने काढलेल्या फोटोत विमानाची तुमच्याकडची बाजू काळपट येणार, कॅमेरा कितीही महाग असला तरी. मार्चमध्ये हीच वेळ अकराच्या पुढे जाते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर भरदुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर असतो. पंखांच्या सावलीत अख्खं पोट आणि इंजिनं बुडतात. त्या दिवसांत नऊ ते चार कॅमेरा पिशवीतच बरा.

आमच्या मते नागपुरातला सर्वांत चांगला उजेड हिवाळ्यात दुपारी साडेतीन ते साडेपाच, नैऋत्य बाजूला. हवा त्या मानाने स्वच्छ, ऊन तिरकं, आणि सूर्य धावपट्टीला जवळजवळ काटकोनात. मालवाहू विमान टिपायचं असेल तर या बाजूचा आणखी एक फायदा. प्रवासी विमानाचं मालवाहू केलेलं बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२१ असो, की मूळचंच मालवाहू बोइंग ७७७, मोठा मालदरवाजा विमानाच्या *डाव्या* बाजूला असतो. ३२ वर उतरणाऱ्या विमानाची डावी बाजू नैऋत्येकडेच येते. १४ वापरात असेल तर मात्र तीच बाजू ईशान्येकडे, तेव्हा सकाळ धरा. मालवाहू विमान लांबून ओळखायची खूण सोपी: खिडक्यांची रांग नसते, किंवा खिडक्यांच्या जागी पत्रे बसवल्याच्या पुसट खुणा दिसतात.

कुठे उभं राहायचं, कुठे मुळीच नाही

जागा सार्वजनिक रस्त्यालगत, कुंपणापासून अंतर राखून, वाहतुकीला अडथळा न होईल अशी निवडा. वर्धा रोडचा मुख्य रस्ता थांबण्यासाठी नाही. आतल्या वस्तीतले किंवा सर्व्हिस रोडचे मोकळे तुकडे पाहा. ऑरेंज लाइनच्या मेट्रोने एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ, न्यू एअरपोर्ट किंवा खापरी स्टेशनला उतरलात तर गाडी लावण्याचा प्रश्नच मिटतो. टेरेसवरून काढायचं असेल तर घरमालकाला विचारून.

आता कायद्याचं. विमानतळाच्या आवारात परवानगीशिवाय छायाचित्रणावर विमान नियमांनुसार निर्बंध आहेत. सोनेगावला हवाई दलाचा तळही आहे. त्याच्या इमारती, वाहनं, पहारा, लष्करी विमानं यांच्याकडे कॅमेरा वळवू नका, ‘चुकून फ्रेममध्ये आलं’ हेही चालत नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अजून जिवंत आहे. कुंपणावर चढणं, जाळीला लेन्स टेकवणं, शिडी लावणं टाळा. ड्रोन घरी ठेवा. विमानतळाभोवतीचा पट्टा ‘डिजिटल स्काय’ या सरकारच्या ड्रोन-नकाशावर लाल, म्हणजे बंदीचा आहे. वैमानिकांचं बोलणं ऐकणारा एअरबँड रिसीव्हर विकत मिळतो म्हणून घेऊ नका, परवान्याशिवाय तो बाळगणं अंगाशी येऊ शकतं. ट्रॅकिंगचं अ‍ॅप पुरतं.

पोलिसांनी किंवा सीआयएसएफच्या जवानाने हटकलं तर वाद घालू नका. ओळखपत्र दाखवा, "साहेब, येणाऱ्या विमानांचे फोटो काढतोय, हे बघा" म्हणून कॅमेऱ्याचा पडदा पुढे करा, आणि जायला सांगितलं तर जा. उद्या वारा परत तिथूनच वाहणार आहे. आणखी एक: पोह्यांचे कागद, खाण्याचं उष्टं तिथे टाकू नका. त्यावर घारी जमतात, आणि घार इंजिनात गेली तर काय होतं हे सांगायला नको.

लेन्स किती लांब हवी

याचं गणित तोंडी करता येतं. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने येतं, म्हणजे दर किलोमीटरला ५२ मीटर खाली. धावपट्टीच्या तोंडावर ते सुमारे १५ मीटर उंच असतं. एक किलोमीटर आधी ६५-७० मीटर, दोन किलोमीटर आधी १२० मीटर. तुम्ही या मार्गापासून बाजूला ३०० मीटरवर उभे असाल तर विमान तुमच्यापासून ३०० मीटरहून थोडंच जास्त दूर.

आता क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एअरबस ए३२० (लांबी ३७.५७ मीटर) बाजूने चौकटीत चांगलं भरायचं, तर मीटरमधल्या अंतराच्या निम्मी फोकल लेंथ लागते. ३०० मीटरला १५० मिमी, ६०० मीटरला ३०० मिमी. फुल फ्रेम (मोठा सेन्सर) असेल तर उत्तराला दीडने गुणा. पंख्याचं एटीआर-७२ फक्त २७ मीटरचं, त्याला अंतराच्या दोन-तृतीयांश. मालवाहू ७७७ जवळपास ६४ मीटरचं, त्याला तीसएक टक्के पुरे. थोडक्यात, सुरुवातीला ७०-३०० मिमीची साधी लेन्स बस झाली. ४००-६०० मिमी घेऊन लांबून टिपण्यापेक्षा जवळ जाऊन १५० मिमीवर काढलेला फोटो नागपुरात हमखास स्वच्छ येतो. कारण पुढे.

तापलेली हवा: इथला खरा शत्रू

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत डांबर आणि काँक्रीट तापलं की त्यावरच्या हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे होतात, प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वाकवतो. फोटोत विमानावरची अक्षरं पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसतात. बरेच जण लेन्सला दोष देतात, फोकस पुन्हा पुन्हा जुळवतात, शटर वाढवतात. काहीच उपयोग नाही. शार्पनिंगनेही सुटत नाही. उलट चिरफाड जास्त दिसते.

तपासायचं कसं? विमान येण्याआधी जास्तीत जास्त झूम करून दूरच्या खांबाचा किंवा भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. सरळ कड नागमोडी असेल तर जमिनीलगतचे शॉट त्या दिवसापुरते सोडून द्या. मग फक्त वर पाहायचं: विमान ५० मीटरहून उंच असतानाच टिपा, म्हणजे नजरेची रेषा तापलेल्या जमिनीवरून लांबवर जात नाही. उन्हाळ्यात सूर्योदयापासून आठपर्यंतची वेळ धरा. आपल्या गाडीच्या टपावरून किंवा बॉनेटवरून लेन्स रोखू नका, ते पत्रेही तेवढेच तापलेले असतात. पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की धूळ बसते, जमीन थंड होते. जूनअखेर ढगांच्या फटीतून ऊन आलं तर तो दिवस सोडू नये.

उन्हाळ्यात उड्डाणाची जागाही बदलते. गरम हवा विरळ, म्हणून विमानाला जास्त धावावं लागतं आणि नाक उशिरा उचललं जातं. जानेवारीत जिथे चाकं सुटताना दिसली, तिथे मेमध्ये उभं राहाल तर विमान अजून जमिनीवरच असेल. तीन-चारशे मीटर पुढे सरका.

पावसाळ्यात वेगळी अडचण. एसी मेट्रोतून किंवा कारमधून दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका. मेट्रोतून किंवा कारमधून उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर पिशवीसकट तापू द्या, मगच उघडा.

कॅमेऱ्याची मांडणी

जेटसाठी शटर १/१००० ते १/१६०० सेकंद, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/७.१ किंवा एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो पण वरची मर्यादा ८००. फोकस सतत पाठलाग करणारा (कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉन-सोनीत एएफ-सी), बिंदूंचा मधला गट. स्वच्छ उन्हात पांढरं विमान असेल तर एक्स्पोजर –०.३, नाहीतर पांढऱ्या पत्र्यावरचे बारकावे जळतात. आकाश धुरकट पांढरं असेल तर उलटं, +०.७ पर्यंत, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर आकाशाला भुलून विमान काळं करतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढा.

पंख्याच्या विमानाला हे आकडे चालत नाहीत. एटीआरचा पंखा मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो आणि त्याला सहा पाती आहेत. १/१००० ला पातं सहा-सात अंशच सरकतं, म्हणजे जागीच गोठतं आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. १/२५० ला पाती तीसेक अंश पुसली जातात, १/१२५ ला जवळजवळ पूर्ण चकती मिळते. सुरुवात १/३२० पासून करा आणि हात बसला की खाली या. कमी शटरला पॅनिंग, म्हणजे विमानासोबत कॅमेरा फिरवणं, लागतं: पाय खांद्याइतके अंतरावर, पायांचं तोंड *जिथे फोटो घ्यायचा आहे* तिकडे, कोपरं बरगड्यांना, आणि कंबरेतून वळायचं. बटण दाबल्यावर थांबू नका, विमानासोबत वळत राहा. दहातले दोन फोटो धारदार आले तर ठीक चाललंय. सराव वर्धा रोडवरच्या ट्रकवर फुकट होतो.

वर पाहायला विसरू नका

स्वातंत्र्यानंतर १९४९ ते १९७३ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करून परत जात. देशाच्या मध्यावर असण्याचं ते फळ. आज तेच फळ ११ किलोमीटर उंचीवर आहे: आखाती देश आणि हाँगकाँग, आग्नेय आशिया यांच्यामधली मोठी मालवाहू विमानं मध्य भारतावरून जातात. ती इथे उतरत नाहीत, पण टिपता येतात.

अ‍ॅपवर विमान ४० किलोमीटरवर आलं की तयार व्हा. मिनिटाला ते सुमारे १५ किलोमीटर कापतं, हातात तीन मिनिटंही नाहीत. आवाजाच्या दिशेने पाहू नका. आवाज खाली पोचायला तीसहून जास्त सेकंद लागतात, तोवर विमान आठेक किलोमीटर पुढे गेलेलं असतं. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीने ७६ मीटरचं ७४७-८ चौकटीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकं येतं, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत हजारेक पिक्सेल. रंगसंगती ओळखायला पुरेसं. वेळ सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा पाऊण तास, कारण तेव्हाच तिरपं ऊन विमानाच्या पोटावर पडतं. फोकस अडत असेल तर धूररेषेच्या कडेवर धरा.

उतरणाऱ्यांतही कधीतरी मोठं काही येतं. मिहानमधल्या, पूर्वी एअर इंडियाच्या आणि आता एआयईएसएल कंपनीच्या देखभाल केंद्रात ७७७ आणि ७८७ दुरुस्तीला येतात, आणि त्यांची नोंद प्रवासी वेळापत्रकात नसते. शिवाय वरून जाणाऱ्या विमानात कुणी आजारी पडलं की नागपूर जवळ पडतं. अ‍ॅपमध्ये मोठ्या विमानाच्या प्रकारासाठी सूचना लावून ठेवा.

घरी आल्यावर

फोटो सरळ करताना पंख किंवा क्षितिज प्रमाण मानू नका. मागचा दिव्याचा खांब किंवा इमारतीची उभी कड धरा. निळ्या आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके एफ/८ ला उघड दिसतात, कॉन्ट्रास्ट तात्पुरता पूर्ण वाढवून शोधा आणि पुसा. फाइलच्या नावात तारीख, नोंदणी क्रमांक, प्रकार आणि धावपट्टी लिहा. भारतीय विमानाची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते, अमिरातीची ‘ए६’ने, कतारची ‘ए७’ने, सिंगापूरची ‘९व्ही’ने. टाकण्याआधी पार्श्वभूमी एकदा नीट पाहा: पहारा, हवाई दलाची हँगर किंवा वाहनं दिसत असतील तर तो भाग कापा, कापता येत नसेल तर फोटो टाकू नका.