म्हाताऱ्या मांजरीचं खाणं निवडताना: पाकिटावरचं वय शेवटी बघा

दुकानात मांजरीच्या खाण्याच्या पाकिटांवर ७+, ११+, १२+ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, आणि मांजर दहाची झाली की आपण सरळ तसलं पाकीट उचलतो. पण या आकड्यांमागे ठरलेलं एकच प्रमाण नाही. अमेरिकेतल्या ज्या एएएफसीओचे (पशुखाद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटनेचे) पोषणाचे तक्ते बऱ्याच कंपन्या वापरतात, त्यात मांजरींचे दोनच गट आहेत: वाढीच्या वयातल्या (आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या) व पूर्ण वाढलेल्या. ‘सीनियर’ हा तिसरा गट त्यात नाही. म्हणून एका कंपनीचं ११+ सुटलेल्या मांजरीसाठी कमी कॅलरीचं असतं, तर दुसरीचं खंगणाऱ्या मांजरीसाठी जास्त कॅलरीचं. तुमच्या मांजरीला यातलं नेमकं उलटं मिळण्याची शक्यता चांगलीच असते.

निवड करायची ती चार गोष्टींवर: वजन, स्नायू, तोंड आणि रक्त-लघवीचा रिपोर्ट. वय त्यानंतर.

आधी मांजर मोजा

साधारण सात ते दहा या वयात मांजर कमी हालते, तेवढंच खाते आणि जाड होते. अकरा-बाराच्या पुढे उलट सुरू होतं. चरबी आणि प्रथिनं पचवण्याची ताकद बऱ्याच मांजरींत कमी होते, त्यामुळे ताटलीतलं सगळं संपवूनही त्या बारीक होत जातात. आठ वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मांजरीला एकच ‘सीनियर’ खाणं घालणं म्हणूनच पटण्यासारखं नाही.

वजन महिन्यातून एकदा करा. माणसांच्या काट्यावर मांजरीला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत सोपी असली तरी तिच्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा घोळ सहज होतो. चार किलोच्या मांजरीला तो फार मोठा आहे. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. रिकामी कॅरियर तोला, मग मांजरीसकट तोला. चार किलोच्या मांजरीचं वजन दोन-तीन महिन्यांत चारशे ग्रॅमनी उतरलं, तर ते दहा टक्के झालं. तेव्हा खाणं बदलण्याआधी डॉक्टर गाठायचा.

वजनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे हाताने चाचपणं. बरगड्यांवरून तळहात हलका फिरवा: त्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. मग पाठीचा कणा, खांद्याची पाती आणि कंबरेची हाडं बघा. पोट लोंबतंय आणि कणा मात्र धारदार लागतोय, अशी मांजर लठ्ठ दिसली तरी तिचे स्नायू झडलेले असतात. तिला ‘वजन कमी करायचं’ खाणं दिलं की उरलेले स्नायूही जातात. ही चूक फार होते, कारण लोक फक्त पोटाकडे बघतात.

रिपोर्टशिवाय निवड अर्धीच

दहाव्या वर्षानंतर निदान वर्षातून एकदा, आणि शक्य असेल तर सहा महिन्यांनी या तपासण्या करून घ्या: क्रिएटिनिन आणि एसडीएमए (दोन्ही मूत्रपिंडांचं काम दाखवणारे आकडे), फॉस्फरस, पोटॅशियम, साखर, थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक, लघवीची घनता आणि रक्तदाब. यादी लांब आहे, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्याने ताटली बदलते.

क्रिएटिनिन एकट्यावर विसंबू नका. ते स्नायूंतून येतं, म्हणून खंगलेल्या मांजरीत मूत्रपिंडं बिघडलेली असतानाही ते ‘नॉर्मल’ दिसू शकतं. एसडीएमएवर स्नायूंचा तितका परिणाम होत नाही. मांजर भरपूर खातेय, तरी बारीक होतेय, रात्री ओरडतेय, असं असेल तर थायरॉइड वाढलेलं असण्याची शंका पहिली. वाढलेलं थायरॉइड मूत्रपिंडांचा बिघाड झाकून ठेवतं. उपचार सुरू झाल्यावर तो उघडा पडतो. म्हणून दोन्ही एकत्र तपासायचं आणि थायरॉइडच्या उपचारानंतर किडनीचे आकडे पुन्हा बघायचे.

किडनीचा आजार नक्की ठरला की डॉक्टर आयरिस या प्राण्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या चार टप्प्यांत तो मोजतात. साधारण दुसऱ्या टप्प्यापासून खास किडनीचं खाणं सुचवलं जातं: हिल्सचं के/डी, रॉयल कॅनिनचं रीनल, फार्मिनाचं व्हेट लाइफ रीनल ही त्यातली ओळखीची नावं. त्यांत मुख्य काम फॉस्फरस कमी करण्याचं असतं. मात्र आजार नसताना ‘आतापासून काळजी’ म्हणून असं खाणं सुरू करू नका. त्यात प्रथिनंही कमी असतात, आणि मूत्रपिंडं ठीक असलेल्या म्हाताऱ्या मांजरीला प्रथिनं जास्त लागतात. वय झालं की प्रथिनं कमी करायची ही माणसांच्या पथ्यातून आलेली समजूत मांजरीला घातक आहे.

मधुमेह निघाला तर कर्बोदकं कमी असलेलं ओलं खाणं. पण इन्सुलिन चालू असताना खाणं आपल्या मनाने बदलायचं नाही; साखर एकदम खाली जाऊन मांजर बेशुद्ध पडू शकते.

पाकिटाची मागची बाजू

पहिल्यांदा एकच शब्द शोधा: ‘कम्प्लीट’. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘सप्लिमेंटरी’ लिहिलेलं पाऊच हे तोंडी लावणं, जेवण नव्हे. जेलीतला ट्यूना, चिकनचे उकडलेले तुकडे, चाटायच्या क्रीमच्या नळ्या यातलं पुष्कळसं या दुसऱ्या वर्गात येतं, आणि दुकानात ते जेवणाच्या पाऊचशेजारीच मांडलेलं असतं.

मग आकडे. ओल्या पाऊचवर प्रथिनं १० टक्के आणि कोरड्या दाण्यांवर ३२ टक्के बघून दाणे भारी वाटतात, पण पाणी वजा केल्याशिवाय ही तुलना होत नाही. पाऊचमध्ये ८१ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग १९. दहा भागिले एकोणीस केलं की प्रथिनं जवळपास ५३ टक्के. दाण्यांत पाणी १०, कोरडा भाग ९०. बत्तीस भागिले नव्वद म्हणजे साधारण ३६ टक्के. तब्येत ठीक असलेल्या म्हाताऱ्या मांजरीसाठी या कोरड्या हिशेबाने प्रथिनं चाळिशीच्या आसपास किंवा वर असलेली बरी. एएएफसीओचं किमान प्रमाण २६ टक्के आहे, पण ते किमान आहे.

कर्बोदकं पाकिटावर सहसा छापत नाहीत. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजांचा भाग) वजा करा. राख दिली नसेल तर दाण्यांसाठी ८ आणि ओल्यासाठी २ धरा. वरच्या दाण्यांत चरबी १४ आणि तंतू ४ असतील, तर कर्बोदकं ३२ निघतात. पाऊचमध्ये चरबी ४ आणि तंतू १ असेल, तर फक्त २.

फॉस्फरस छापलेला असेल तर कोरड्या हिशेबाने एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असलेलं निवडा. किडनीच्या खाण्यात तो ०.३ ते ०.६ टक्के असतो. छापलेला नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा. उत्तर देणारी कंपनी जवळ करा. घटकांच्या यादीत सोडियम फॉस्फेट, ट्रायपॉलीफॉस्फेट अशी नावं असतील तर ते खाणं मागे ठेवा. मांसातल्या फॉस्फरसपेक्षा हे क्षार शरीरात पटकन शोषले जातात आणि मूत्रपिंडांवर जास्त ताण टाकतात.

घटकांत पहिलं नाव ‘चिकन’ असलं म्हणून हुरळू नका. यादी शिजवण्याआधीच्या वजनाने लावतात, आणि ताज्या चिकनमध्ये बहुतेक पाणीच असतं. त्याच्या मागे तांदूळ, मका, कॉर्न ग्लूटेन अशी रांग असेल, तर प्रत्यक्षात धान्याचंच पारडं जड असतं.

किती घालायचं

विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा काढायचं सूत्र: किलोमधलं वजन घेऊन त्याचा ०.७५ घात करायचा आणि ७० ने गुणायचं. चार किलोला ते साधारण २०० कॅलरी येतं. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजरीला दिवसाला २०० ते २४० पुरतात. खंगणाऱ्या मांजरीला याहून जास्त लागतील. ही फक्त सुरुवात, पुढचं वजनकाटा सांगेल.

पाकिटावर कॅलरी नसतील तर शंभर ग्रॅममधली प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी साडेतीनने, चरबी साडेआठने गुणून बेरीज करा. वरचे दाणे ३४३ कॅलरी भरतात, पाऊच ७६. म्हणजे ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये ६५. दिवसाला दोन पाऊच आणि २२ ग्रॅम दाणे दिले की २०५ च्या घरात जातं. नुसते दाणे द्यायचे तर ६० ग्रॅम लागतात. हे वाटीने मोजू नका. वाटी थोडी शीग भरली की दहा ग्रॅम वाढतात आणि ते चौतीस कॅलरी होतात. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा.

दोन पाऊचमधून सुमारे १३५ मिली पाणी आपोआप पोटात जातं. चार किलोच्या मांजरीची दिवसाची एकूण गरज २०० मिलीच्या आसपास असते. दाण्यांवर असलेली मांजर जास्त पाणी पिते खरी, पण एकूण भरपाई होतेच असं नाही. म्हातारपणी बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडं हे दोन्ही प्रश्न असतात, म्हणून परवडत असेल तर निम्म्याहून जास्त कॅलरी ओल्या खाण्यातून द्या. परवडत नसेल, तर दिवसातून एकदा तरी ओलं द्या आणि त्यातच दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा.

खात नाही, की खाता येत नाही?

ताटलीपाशी येते, हुंगते आणि मागे फिरते, घास तोंडातून पडतो, मान एका बाजूला कलती करून चावते, लाळ गळते. ही नखऱ्यांची नव्हे, दुखऱ्या दातांची लक्षणं. मांजरींत दात मुळाशी झिजून विरघळण्याचा आजार फार असतो आणि वरून तो दिसत नाही. इथे मऊ खाणं हा तात्पुरता उपाय; दात काढून घेतले की बहुतेक मांजरी पुन्हा व्यवस्थित खातात, कित्येक जणी तर बिनदाताच्या दाणेही गिळतात.

ग्रेव्हीतले तुकडे दिले की बऱ्याच म्हाताऱ्या मांजरी रस चाटून तुकडे तसेच टाकतात. मग पोटात गेलेल्या कॅलरी हिशेबापेक्षा कितीतरी कमी भरतात. तुकडे काट्याने कुस्करा किंवा सरळ मूस प्रकारचं घ्या. वास कमी येऊ लागला असेल तर खाणं अंगाच्या उबेइतकं गरम करा: बंद पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच चटका देणारे गोळे राहतात. पसरट ताटली घ्या आणि ती चार-पाच इंच उंच पाटावर ठेवा. मान आणि पुढचे सांधे दुखत असतील तर वाकणंच नको होतं. मुंग्यांसाठी ताटलीखाली पाण्याची परात.

घरचं खाणं

दूध-पोळी, दहीभात आणि सुकटीवर मांजरी वाढल्यात हे खरं, पण त्या उंदीर-पाखरांवरही जगत होत्या. मांजरीला टॉरिन हा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की हृदय फुगतं आणि दृष्टी जाते. भाज्यांमधल्या कॅरोटिनपासून जीवनसत्त्व ‘अ’ तिला बनवता येत नाही. त्यामुळे घर शाकाहारी असलं तरी मांजर शाकाहारी होऊ शकत नाही.

नुसतं उकडलेलं चिकन हेही पूर्ण जेवण नाही. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. दिवसाच्या कॅलरींपैकी दहा टक्के, म्हणजे साधारण १२ ग्रॅम बिनहाडाचं, बिनमिठाचं चिकन चालेल. सुकट, जवळा, खारा बोंबील मिठामुळे बंद. कच्ची मासळी नको. काही माशांतला थायमिनेज हा घटक थायमिन (जीवनसत्त्व ‘बी-१’) नष्ट करतो. कलेजी रोज दिली तर जीवनसत्त्व ‘अ’ साठून मानेची हाडं जुळतात. आणि कांदा-लसूण कोणत्याही रूपात नको. रश्श्यातला, सुपातला, पावडरमधला, सगळा सारखाच: तांबड्या रक्तपेशी फुटतात.

बदल करताना

तरुण मांजरीला आठवडा पुरतो, म्हातारीला दोन ते तीन आठवडे द्या. पहिले चार दिवस दहाव्या हिश्श्याइतकं नवं, मग पाव, मग निम्मं. हट्टी मांजरीला मिसळण्याऐवजी नवं खाणं वेगळ्या ताटलीत जुन्याशेजारी ठेवा. मिसळलेलं नावडलं की ती जुन्यालाही तोंड लावत नाही. मळमळ चालू असताना, दवाखान्यात ॲडमिट असताना नवं खाणं कधीच सुरू करू नका, किडनीचं तर नाहीच. त्या खाण्याचा वास तिच्या डोक्यात आजारपणाशी जोडला जातो आणि पुढे जन्मभर ते चालत नाही. याच कारणाने कडू गोळी जेवणात लपवू नका. त्यासाठी क्रीमची नळी वेगळी ठेवा.

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजरीपाशी चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, विशेषतः जाड मांजरीच्या, यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं परत द्या, आणि तेही नको असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

दाणे सुटे, किलोवर विकत घेऊ नका. पाकीट कधी फोडलं ते कळत नाही. मूळ पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवा आणि महिन्याभरात संपेल एवढंच आणा. पावसाळ्यात दाणे सादळले किंवा चरबी खवट झाली, तर तुमच्या आधी मांजरीला कळतं. उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये दोन दिवस, आणि उन्हाळ्यात ताटलीतलं ओलं खाणं तासाभराने उचलायचं.