हौशी शर्यतपटू आणि त्याची स्पोर्ट्स कार : आठवण जपण्याची रीत

सर्वांचा लाडका असलेला हौशी शर्यतपटू निवर्तला की त्याच्या मित्रमंडळींना पहिल्यांदा समारंभ सुचतो. ट्रॅकवर श्रद्धांजलीची एक फेरी काढावी, त्याच्या नावाने करंडक सुरू करावा, क्लबच्या भिंतीवर मोठे छायाचित्र लावावे, अशी बोलणी सुरू होतात. हे सारे करावेच. परंतु हे सारे वर्षभरानेही करता येते. त्याच्या मोटारीच्या डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर त्याने पेनाने लिहून ठेवलेले आकडे, वेळनोंदीच्या कागदावरची फिकट होत चाललेली शाई आणि वर्षानुवर्षे त्याच्या मागेपुढे धावलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यातले तपशील मात्र तेवढा काळ थांबत नाहीत. म्हणून जे सर्वांत लवकर नाहीसे होणार आहे ते सर्वांत आधी टिपावे आणि समारंभ शेवटी ठेवावा.

व्यावसायिक चालकाच्या बाबतीत ही घाई नसते, कारण त्याची नोंद इतरांनी ठेवलेली असते. प्रसिद्ध हौशी चालकाचेही तसेच. अभिनेता पॉल न्यूमन चाळिशी उलटल्यावर शर्यतींकडे वळला, त्याने स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाची चार राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि १९७९ साली फ्रान्समधील ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शे ९३५ चालवणाऱ्या त्याच्या तिघांच्या चमूला दुसरा क्रमांक मिळाला. हे शोधायला कोणालाही माळा उपसावा लागत नाही. जो चालक आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर येत असे आणि बहुतेक शर्यती मधल्या घोळक्यात संपवत असे, त्याचा सगळा इतिहास एका खोक्यात, एका गॅरेजमध्ये आणि दहाबारा माणसांच्या स्मरणात विखुरलेला असतो.

सुरुवात मोटारीपासून करावी आणि पहिला नियम असा की ती धुऊ नये. घरच्यांची किंवा मित्रांची पहिली प्रेमळ कृती बहुधा हीच असते, आणि तिच्यामुळे शेवटच्या शर्यतीची धूळ, चाकांच्या कमानीत चिकटलेले रबराचे गोळे, दारावरचा घासल्याचा ताजा ओरखडा असे सारे एका दुपारी निघून जाते. आधी छायाचित्रे काढावीत. बाहेरून चारही बाजूंनी काढावीत हे सांगण्याची गरज नाही. पण चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेले छायाचित्र, म्हणजे त्याला जे दिसत असे ते दृश्य, बहुतेकांकडून राहून जाते. आरशांचा कोन, स्टिअरिंगवर सरळ दिशा कळावी म्हणून गुंडाळलेली पट्टी, टॅकोमीटरच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीच्या) काचेवर गिअर बदलण्यासाठी केलेली खूण, पेडलवर ठोकलेला जादा पत्रा, बाटली अडकवण्यासाठी त्याने केलेली जुगाडू सोय, यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर टेप घेऊन मापे लिहावीत : सीट रुळाच्या कितव्या भोकात बसवली आहे, हार्नेसच्या (चालकाला सीटला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या संचाच्या) प्रत्येक पट्ट्याची लांबी किती ठेवली आहे, स्टिअरिंग छातीपासून किती अंतरावर येते. अनेक रेसिंग मोटारींत चालकाला सीटमध्ये बसवून त्याच्या पाठीमागे पिशवीत फुगणारा फोम ओततात आणि तो घट्ट झाला की पाठीचा नेमका साचा तयार होतो. असा साचा असेल तर तो कोणत्याही परिस्थितीत टाकू नये. संपूर्ण मोटारीत त्या माणसाची एवढी जवळची वस्तू दुसरी नसते.

याच वेळी डेटा उतरवून घ्यावा, आणि तोही बॅटरीला हात लावण्यापूर्वी. लॉगर (मोटारीच्या हालचाली नोंदवणारे यंत्र), लॅप टायमर (फेरीची वेळ मोजणारे यंत्र) आणि मोटारीतील कॅमेऱ्याचे कार्ड यांच्या दोन प्रती कराव्यात व त्या दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावीच, शिवाय साध्या तक्त्याच्या स्वरूपातही जतन करावी, कारण ती उघडणारे सॉफ्टवेअर दहा वर्षांनी मिळेलच असे नाही. या डेटावरून काढलेल्या आलेखांत माणूस दिसतो. एखाद्या वेगवान वळणाआधी तो दर फेरीला ॲक्सिलरेटरवरून पाय क्षणभर उचलत असे आणि निकराच्या शेवटच्या फेरीत उचलत नसे, हे कोणत्याही शोकसभेत कोणी सांगणार नाही, आलेख सांगतो.

कागदांमध्ये अग्रक्रम वेळनोंदीच्या चिठ्ठ्यांना द्यावा. त्या पुष्कळदा थर्मल कागदावर छापलेल्या असतात, आणि असा कागद उष्णतेने, उजेडाने किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटातील रसायनांनी कोरा होत जातो. म्हणून त्या पहिल्याच दिवशी स्कॅन कराव्यात. त्यानंतर मोटारीचे लॉगबुक, तांत्रिक तपासणीच्या नोंदी, सेटअपच्या (मोटारीच्या जुळणीच्या) वह्या आणि सुट्या भागांच्या पावत्या पाहाव्यात. चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक कागदावरून न उतरवता प्रत्यक्ष धातूवरून वाचून त्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण शर्यतीच्या मोटारीत इंजिन बदललेले असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या आधीच्या मोटारींवर आजचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक बहुधा आढळत नाही, त्यावर लहान क्रमांक असतो. तो अपुरा आहे असे समजून गोंधळू नये. सेटअपच्या वहीत समासात खरडलेली शेरेवजा वाक्ये, विशेषतः स्वतःलाच घातलेल्या शिव्या, टंकलिखित प्रतीतून गाळू नयेत.

माणसांशी बोलण्याचे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे आहे. जवळच्या दोनतीन मित्रांवर थांबू नये. ज्याने त्याचे इंजिन उघडले तो मेकॅनिक, वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा मार्शल, पिटच्या (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेच्या) भिंतीपाशी स्टॉपवॉच घेऊन बसणारी पत्नी किंवा मुलगी, आणि त्याच्याकडून वारंवार हरलेला किंवा त्याला वारंवार हरवणारा प्रतिस्पर्धी, या प्रत्येकाने वेगळा माणूस पाहिलेला असतो. शक्य असेल तर संभाषण मोटारीशेजारी उभे राहून करावे. मेकॅनिकचा हात बॉनेटवर पडला की त्याला ज्या गोष्टी आठवतात त्या दिवाणखान्यात बसून आठवत नाहीत. "तो कसा होता?" या प्रश्नाला "फार मोठ्या मनाचा होता" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी "पावसात तो तुमच्या मागे असला की आरशात तुम्हाला काय दिसायचे?", "त्याने तुम्हाला कोणता सुटा भाग दिला होता आणि त्यानंतर ती शर्यत कोणी जिंकली?" असे विचारावे. त्याचा तापट स्वभाव, त्याने केलेली धडक, त्यानंतर मागितलेली किंवा न मागितलेली माफी, हेही नोंदवावे. आणखी एक सावधगिरी अशी की शर्यतीच्या गोष्टी दरवर्षी वाढत जातात; तीन मोटारींना मागे टाकले होते त्या पुढे सात होतात. वेळनोंदीशी ताडून पाहावे, पण गोष्ट खोडू नये. दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत.

मोटारीचे पुढे काय करायचे हा निर्णय वारसांचा आहे आणि तो पहिल्या काही महिन्यांत घेण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू नये. मालकी आणि विमा वेळेत वारसांच्या नावे होईल एवढे मात्र पाहावे. दरम्यान मोटार उभी असते, आणि उभी मोटार जपली जाते हा मोठा गैरसमज आहे. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते, तर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा ओढते. ब्रेक फ्लुइडचेही तसेच : डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. म्हणून टाकी रिकामी करावी, मोटार स्टँडवर घेऊन टायरवरचा भार काढावा, जुने ऑइल बदलावे आणि इंजिन अधूनमधून हाताने फिरवावे. दर महिन्याला दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय टाळलेली बरी. तेवढ्याने ते पुरते तापत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो.

माझ्या मते अशी मोटार चालत राहावी. संग्रहालयात ती देखणी दिसते, पण जिचा आवाज ऐकून लोक पिटमधून बाहेर येत असत ती मोटार मुकी झाली की तिची निम्मी ओळख जाते. चालवायची म्हणून ती नवी कोरी करण्याची मात्र गरज नाही. ऐतिहासिक वाहनांसाठी 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने केलेल्या टुरिन चार्टरचा भर सरसकट नूतनीकरणापेक्षा आहे ते जपण्यावर आहे, आणि दगड उडून गेलेल्या रंगाचे टवके हा येथे दोष नसून इतिहास आहे. सुरक्षेच्या वस्तूंबाबत मात्र भावना बाजूला ठेवावी. हार्नेसच्या पट्ट्यावर वैधतेचे वर्ष छापलेले असते, इंधनाच्या टाकीतील रबरी पिशवीला मुदत असते, आणि हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावे अशी हेल्मेटची मानके ठरवणाऱ्या स्नेल फाउंडेशनची शिफारस आहे. मुदत संपलेला हार्नेस काढून फोमच्या साच्यासोबत जपावा आणि मोटारीत नवा बसवावा. त्याचे हेल्मेट दुसऱ्या कोणी श्रद्धेपोटीही घालू नये. मोटार विकायची ठरली तर जमवलेल्या साऱ्या नोंदींची एक प्रत नव्या मालकाला द्यावी. तो ती कशी रंगवील यावर अटी घालण्यात अर्थ नाही.

आता समारंभ. तो जितका थोडका तितका लक्षात राहतो. २००१ साली अमेरिकन शर्यतपटू डेल अर्नहार्टच्या मृत्यूनंतर प्रेक्षक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत शांत उभे राहून तीन बोटे वर धरत, कारण त्याच्या मोटारीचा क्रमांक ३ होता. त्याला ना मंच लागला ना भाषण. फॉर्म्युला वन चालक ज्यूल्स बियांकीच्या निधनानंतर २०१५ साली एफआयए या मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने फॉर्म्युला वनमधील १७ हा क्रमांक निवृत्त केला. हौशी क्लबात क्रमांक कायमचा बंद करण्यापेक्षा एक हंगाम मोकळा ठेवून पुढे एखाद्या नवशिक्याला द्यावा, हे मला अधिक योग्य वाटते. करंडक ठेवायचा तर तो सर्वांत वेगवान चालकाला देऊ नये; ज्या गुणामुळे हा माणूस लाडका झाला त्या गुणाला द्यावा, तो गुण एका वाक्यात लिहून ठेवावा आणि नावे कोरण्याचा खर्च कोण करणार हेही तेव्हाच ठरवावे.

श्रद्धांजलीच्या फेरीसाठी शर्यत अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, मार्शलना आधी सांगावे म्हणजे ते प्रत्येक वळणावर झेंडे हलवतील, आणि चाक अशा व्यक्तीच्या हाती द्यावे जिने ती मोटार पूर्वी चालवली आहे, कारण डोळे भरून आलेल्या माणसाने अनोळखी क्लच पहिल्यांदा त्याच दिवशी दाबू नये. शेजारच्या सीटवर त्याचे हेल्मेट ठेवायचे असेल तर ते पट्ट्याने घट्ट बांधावे. फेरी संपल्यावर इंजिन नेहमीप्रमाणे निवू द्यावे, ऑइल तपासावे आणि लॉगबुक उघडून त्याच्या शेवटच्या नोंदीखालच्या ओळीत तारीख, ट्रॅक, चालकाचे नाव आणि "१ फेरी" एवढे लिहावे.