दाराचा कोड मोबाइलवर: आधी घड्याळ जुळवा

इमारतींच्या दारांवर कोडयंत्रणा बसवणं हे माझं काम. सगळ्यांना मिळून एकच कायमचा आकडा द्यायला मी ठाम नकार देते. तो कोणाकोणाला कळलाय हे नंतर सांगताच येत नाही.

त्याऐवजी मी एकदाच चालणारा कोड सुचवते. तो असा तयार होतो. नोंदणीच्या वेळी क्यूआर स्कॅन केला की एक गुप्त किल्ली, म्हणजे अक्षर-आकड्यांची एक गुप्त ओळ, फोनमधल्या ॲपमध्ये साठते. तीच दाराच्या कंट्रोलरकडेही, म्हणजे कोड तपासून दार उघडणाऱ्या यंत्राकडेही, असते. किल्ली आणि चालू वेळ यांवरून दोघंही आपापला कोड काढतात, बहुधा सहा आकडी, दर ३० सेकंदांनी नवा. २०११च्या आरएफसी ६२३८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात ही पद्धत दिली आहे. कोड काढायला फोनला रेंज लागत नाही, म्हणून तळघराच्या दारालाही मी हीच सुचवते.

सगळा खेळ वेळेचा असल्याने कंट्रोलरचं घड्याळ टाइम सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या संगणकाशी) जोडा आणि फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायला सांगा. थोड्या फरकासाठी फार तर मागचा एक कोड चालू द्या. वापरलेला कोड मात्र पुन्हा चालता कामा नये; नाहीतर खांद्यावरून डोकावणारा लगेच मागोमाग आत येईल. चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर कीपॅड काही वेळ बंद राहू द्या.

नोंदणीचा क्यूआर व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका, त्यात किल्लीच असते! माणसाला समोर बसवून स्कॅन करून घ्या. फोन हरवल्याचं कळताच ती किल्ली रद्द करा.

आणि आतून बाहेर पडायला कोड कधीच लागू नये. आग लागली किंवा वीज गेली तरी दार आतून हाताने उघडलंच पाहिजे.