प्रयोगाची माहिती केवळ प्रतिमेत ठेवू नका

पुण्यातील अनेक नाट्य व संगीत संस्था संकेतस्थळावर कार्यक्रमाच्या जाहिरातीची केवळ प्रतिमा टाकतात. तिच्यातील तारीख, वेळ आणि नाट्यगृहाचे नाव दृष्टिहीन रसिकाच्या मोबाइलवरील स्क्रीन रीडरला (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) सहसा नीट वाचता येत नाही आणि गूगलवर ‘बालगंधर्व रंगमंदिर’ असे शोधणाऱ्यापर्यंतही ते क्वचितच पोहोचते. म्हणून प्रतिमेखाली तोच मजकूर टंकित करून द्यावा. तो युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या सामायिक संगणकीय संकेतप्रणालीतच असावा, याबद्दल मी आग्रही आहे: छपाईसाठी श्रीलिपी या भारतीय भाषांच्या टंकन सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच उचलून संकेतस्थळावर चिकटवला, तर त्यात देवनागरी अक्षरांसाठी रोमन अक्षरांचे संकेतांक वापरलेले असल्यामुळे वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात. असा मजकूर आधी फॉन्ट कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून) काढावा आणि मग जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण कलाकारांच्या नावांतील चुका बहुधा तिथेच राहून जातात, आणि कलाकाराचे नाव चुकणे ही लहान गोष्ट नव्हे. तारखेसोबत वर्षही लिहावे. भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत आहे हे पुणेकरांना ठाऊक असते. नाशिकहून येणाऱ्या प्रेक्षकासाठी मात्र पूर्ण पत्ता आणि नकाशाची लिंक द्यावी.