रटाळ सिनेमाचा ट्रेलर कसा कापावा

सिनेमा दोन तास बारा मिनिटांचा. त्यात एक माणूस वडिलांचं घर विकावं की नाही याचा विचार करतो, आणि शेवटी विकत नाही. बस्स. निर्मात्याचा फोन येतो, "दोन मिनिटांत असं काहीतरी दाखव की अंगावर काटा आला पाहिजे." मी 'बघतो' म्हणतो. माझं पोट याच कामावर आहे, आणि असे फोन नवीन नाहीत.

सगळ्यात आधी सिनेमा एकदा, न थांबवता, अखंड बघा. हातात कागद-पेन्सिल. जिथे तुम्ही स्वतः सावरून बसलात तिथली वेळ लिहून ठेवा, बाकी काही नाही. कितीही संथ सिनेमा असला तरी पंधरा-वीस जागा निघतातच. दिग्दर्शकाला 'तुमचे आवडते शॉट सांगा' असं चुकूनही विचारू नका. ज्या शॉटसाठी त्याने तीन रात्री जागून काढल्या, तोच तो सांगणार, आणि तो नेमका कंटाळवाणा असतो.

आता चित्र बाजूला ठेवा आणि आधी संवाद उचला. प्रश्न उचला, उत्तरं तिथेच राहू द्या. या घरवाल्या सिनेमात बहीण भावाला विचारते, "त्या रात्री तू तिथे का गेला होतास?" सिनेमात तो म्हणतो, "कागदपत्रं आणायला." उत्तर कापलं, प्रश्नानंतर दीड सेकंद काळा पडदा ठेवला, की त्या रात्री तिथे खूनच पडला असावा असं वाटू लागतं. अर्धवट वाक्यंही सोन्यासारखी. "आईला हे कळलं तर..." इथेच थांबायचं. पुढे "...ती जेवणार नाही" असं आहे, ते कोणाला कळायची गरज नाही.

मग चेहरे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला, आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. इव्हान मोझूखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने कधी सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, कधी शवपेटीतल्या मुलाशेजारी, कधी एका स्त्रीशेजारी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी वासना. म्हणून सिनेमाभर शोधून असे कोरे चेहरे गोळा करा. नायक खिडकीबाहेर बघतोय, पुढचा शॉट वाऱ्याने आपटलेल्या दाराचा. सिनेमात या दोन गोष्टींमध्ये पन्नास मिनिटांचं अंतर आहे. ट्रेलरमध्ये दारामागे कोणीतरी उभं आहे.

आता आवाज. निम्मा ट्रेलर कानांनीच बघितला जातो. सिनेमाचं पार्श्वसंगीत बहुतेकदा तयारच झालेलं नसतं, त्यामुळे ट्रेलरसाठी वेगळं संगीत घ्यावं लागतं. ते घेताना तीन टप्पे दिसणारं घ्या: शांत, चढतं, फुटणारं. फुटण्याच्या आधी सगळा आवाज पूर्ण बंद करा, अर्धा सेकंद ते एक सेकंद. प्रेक्षक श्वास धरतो तो त्या शांततेत, धमाक्यात नाही. नवखे एडिटर हे विसरतात आणि धमाक्यावर धमाके लावत सुटतात. आणि तो भोंग्यासारखा घुमणारा 'भोंऽऽऽ' आवाज कृपा करून दोनदाच वापरा. मी एकदा सात वेळा वापरला होता. ट्रेलर कमी, बंदरात जहाज लागल्यासारखंच जास्त वाटत होतं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दोन मिनिटांच्या 2880. सुरुवातीचे शॉट तीन-चार सेकंदांचे ठेवा आणि कमी करत करत शेवटच्या पंधरा सेकंदांत दहा-बारा फ्रेमवर आणा. चार-पाच फ्रेमच्या खाली गेलात तर काय दिसलं हे डोळ्याला नीट कळत नाही. मात्र लपवायचं असेल तेव्हा हेच उपयोगी पडतं. अख्ख्या सिनेमात एकच कानशिलात आहे ना? ती तीन बाजूंनी शूट झालेली असते. तीन तुकडे करा, लांब लांब पेरा. हाणामारीचा सिनेमा तयार.

पण इथेच थांबा, कारण मी एकदा थांबलो नव्हतो. एका हळव्या कौटुंबिक सिनेमाचा मी रहस्यपटासारखा ट्रेलर कापला. पहिल्या दिवशी थिएटर भरलं, दुसऱ्या दिवशी रिकामं. लोक सिनेमावर चिडले, खरं तर चिडायला हवं होतं माझ्यावर. तेव्हापासून एक पाळतो: भावना कितीही ताणा, सिनेमाची जात बदलू नका. राग असेल तर संताप दाखवा, पण नसलेला खून दाखवू नका. आणि जे सिनेमात नाहीच ते तर अजिबात नको. अमेरिकेत दोन प्रेक्षकांनी याच कारणावरून दावा लावला होता. ट्रेलरमध्ये दिसलेल्या अभिनेत्रीचं काम सिनेमातून पूर्ण कापलेलं होतं. ट्रेलर ही कलाकृती आहे, असा स्टुडिओचा बचाव होता. 2022 च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी तो मानला नाही. ट्रेलर ही जाहिरातच, आणि खोट्या जाहिरातीचे कायदे तिला लागू होऊ शकतात, असं त्यांनी म्हटलं.

शेवटी दोन चाचण्या. एकदा आवाज बंद करून बघा. चित्रं नुसतीच इकडून तिकडे धावत असतील तर पुन्हा बसा. मग सिनेमा न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि एकच विचारा, "सिनेमा कशाबद्दल आहे?" 'आवडला का' विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात.

घरवाला ट्रेलर मी शेजारच्या खोलीतल्या साउंडवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "घराच्या वाटणीचं काहीतरी दिसतंय. पण ती वहिनी काय लपवतेय?" वहिनी काहीच लपवत नाही, सिनेमाभर ती कपड्यांच्या घड्या घालते. तिचे दोन्ही शॉट काढून निर्मात्याला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला, "वहिनी कुठे गेली?"

बरीच घासाघीस झाली. एक शॉट ठेवला.